मोहाच्या दारूतून आलेली किडनी

नोकरीत असताना कुणी विचारलं, "बाई, तुम्ही काय काम करता?" तर मी म्हणायची, "कापते." समोरच्या बाईला वाटायचं, शिवणकाम करत असेल, ती ब्लाउजचं कापड काढायच्या बेतात असायची. मग मी सावकाश पुढचं सांगायची, "माणसांचे तुकडे कापते." त्यानंतर त्या बाईनं मला कधी ब्लाउज शिवायला दिला नाही आणि हळदीकुंकवाला माझ्या शेजारी बसायला ती जरा बिचकायची.

काम तसं अगदी सभ्य आहे. सर्जन ऑपरेशन करून जे काढतो, म्हणजे गाठ, पित्ताशय, गर्भाशय, किडनी, ते टाकून देत नाहीत. ते बरणीत घालून आमच्यासारख्या लॅबमध्ये येतं. बरणीत फॉर्मालिन नावाचं औषधी पाणी असतं. ते मांस सडू देत नाही, पण झाकण उघडलं की नाकाडोळ्यांतून असं पाणी काढतं की माणूस सासूच्या आठवणीनं रडतोय असं वाटावं. त्या भागातले महत्त्वाचे तुकडे आमचे डॉक्टर निवडायचे. मी ते तुकडे गरम मेणात मुरवून त्यांची वडी पाडायची. ही वडी यंत्रावर चढवायची, चाक फिरवायचं आणि कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ काप काढायचा. तो काप कोमट पाण्यावर तरंगवायचा, काचेवर उचलायचा आणि जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवायचा. मग डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून बघून सांगणार, कॅन्सर आहे की नाही.

काप काढताना पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर तो उडून कुणाच्या तरी केसांत जाऊन बसतो. आता चंद्रपूरचा मे महिना आणि पंखा बंद, हे समीकरण बाहेरच्या माणसाला सांगून समजायचं नाही. मेणाची वडी बर्फावर ठेवायची आणि आपण घामात भिजायचं. डॉक्टर बोबडे, म्हणजे आमच्या लॅबचे पॅथॉलॉजिस्ट, म्हणायचे की मंदाबाईंच्या कापाला सुरकुती नसते, सगळ्या सुरकुत्या त्यांच्या कपाळावर असतात. मला ते कौतुकच वाटायचं, अजूनही वाटतं.

आमच्याकडे येणाऱ्या बरण्यांवर एक पुस्तक होईल. एकदा नागभीडकडून एक पित्ताशय थंड पेयाच्या बाटलीतून आलं. मऊ होतं तेव्हा त्या निमुळत्या तोंडातून आत गेलं, आत कडक झालं आणि बाहेर यायला तयार होईना. शेवटी बाटली फडक्यात गुंडाळून फोडली. सिंदेवाहीचे एक काका स्वतःचा मूतखडा परत न्यायला आले होते. घरी पाहुण्यांना दाखवायचा म्हणाले. एक गर्भाशय लोणच्याच्या बरणीतून आलं आणि वरचं "कैरी, गोड" हे लेबल कुणी काढलंच नव्हतं. त्या दिवशी डबा खाताना आम्ही लोणच्याला हात लावला नाही.

माणसं मात्र आम्हाला दिसत नसत. आम्ही तुकडे पाहायचो. तुकड्यावर नाव असे, वय असे, गाव असे. रिपोर्ट गेला की त्या नावाशी आमचा संबंध संपला. तो माणूस पुढे जगला का, त्याच्या पोरीचं लग्न त्याला बघायला मिळालं का, हे कुणी आम्हाला कळवत नसे आणि आम्हीही विचारत नसू. याची खंत मला फार उशिरा वाटायला लागली, आणि ती वाटायला लावली सोमीबाई कोवे यांनी.

सोमीबाई धानोऱ्याच्या पलीकडच्या एका जंगलातल्या गावच्या. पन्नाशीच्या आतबाहेर. लघवीतून रक्त जायला लागलं, तेव्हा गडचिरोलीला दाखवलं आणि तिथल्या एका दवाखान्यात त्यांची डावी किडनी काढली. किडनीत गाठ होती. ती बरणी एसटीनं चंद्रपूरला आमच्याकडे पोचवायचं काम त्यांचे नवरे चैतूभाऊ यांच्यावर आलं. बरणीवर आमच्या लॅबचं नाव आणि फोन नंबर चिकटवलेला होता.

दुपारी लॅबचा फोन वाजला. मीच उचलला. वैनगंगेच्या पुलाजवळच्या नाक्यावरून एक पोलीस बोलत होता. चंद्रपूर आणि गडचिरोली, आमच्या दोन्ही जिल्ह्यांत तेव्हा दारूबंदी होती आणि बसमध्ये चढून पिशव्या हुंगणं हे त्यांचं रोजचं काम होतं.

"मॅडम, एक मानूस पकडला हाय," तो म्हणाला. "बरणीतून मोहाच्या दारूचा वास येऊन राह्यला अन् आतमधी मांसाचा मोठा तुकडा हाय. हा म्हनते का बायकोची किडनी हाय. आता तुमीच सांगा, मी पंचनामा दारूचा करू का किडनीचा?"

मी फोन डॉक्टर बोबड्यांकडे दिला. डॉक्टरांनी आधी खात्री करून घेतली की लेबल आमचंच आहे, मग अतिशय गंभीर आवाजात सांगितलं की तो शासकीय दृष्टीनं महत्त्वाचा वैद्यकीय नमुना आहे आणि एक थेंबही न सांडता पुढे पाठवावा. पोलीस भला माणूस होता. त्यानं बस थांबवून ठेवली होतीच. चैतूभाऊंना कंडक्टरच्या मागची सीट दिली आणि बरणी स्वतःच्या हातानं त्यांच्या मांडीवर ठेवली.

चैतूभाऊ लॅबमध्ये आले तेव्हा त्यांचा चेहरा फाशीच्या कैद्यासारखा झाला होता. उंच, काटक माणूस, डोक्याला पंचा. झालं होतं असं. बरणीचं झाकण नीट बसलं नव्हतं. बस हलली तसं फॉर्मालिन हिंदकळलं आणि सगळ्या प्रवाशांचे डोळे चुरचुरायला लागले. कंडक्टर म्हणाला, ते पाणी टाक नाहीतर उतर. यांनी खिडकीतून पाणी ओतलं. आता उघडं मांस उन्हाळ्यात पोचेपर्यंत सडणार, हे शिकार केलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. पिशवीत एक बाटली होती. सोमीबाईंनीच दवाखान्याच्या खाटेवरून बजावलं होतं की तपासणाऱ्या डॉक्टरकडे रिकाम्या हातानं जाऊ नको. त्यांच्याकडे कुणाच्याही दारी मागणं घेऊन जायचं तर सोबत मोहाची न्यायची, त्याशिवाय बोलणंच सुरू होत नाही. चैतूभाऊंनी डॉक्टरांची भेट किडनीवर रिकामी केली.

"माह्याजवळ हेच होतं बाई," ते मला म्हणाले. "पहिल्या धारेची हाय. पानी नाई टाकलं त्यात."

मला हसू आवरेना, आणि त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला वाटत होतं की आपण बायकोची तपासणी बुडवली. मी त्याला बसवलं, चहा दिला, पण खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं की बुडालीच.

बुडाली नव्हती. वरचा थर आकसला होता, वास तर लॅबमध्ये आठवडाभर दरवळत होता, पण सर्जननं किडनी मधून चिरून ठेवल्यामुळे दारू आतपर्यंत पोचली होती. डॉक्टरांनी निदान केलं. किडनीचा कॅन्सर होता, पण सगळा काढला गेला होता, कडेला काही उरलं नव्हतं. नमुना कोणत्या द्रवात आला हे रिपोर्टात लिहावंच लागतं. डॉक्टरांनी पेन चावत विचार केला आणि लिहिलं, "देशी मद्यात प्राप्त." ते वाक्य आम्ही सगळ्यांनी आळीपाळीनं वाचलं आणि पोट धरून हसलो.

त्याच सुमारास एका मोठ्या शहरातल्या कॅन्सरच्या संस्थेतून डॉक्टर अनघा आमच्याकडे यायला लागली होती. तिशीतली, पुण्याकडची, बोलायला साधी. ती किडनीच्या कॅन्सरवर संशोधन करत होती आणि आमच्या कपाटातल्या मेणाच्या वड्या तिला हव्या होत्या. तिचा प्रश्न सोपा होता. दोन माणसांची गाठ सारखीच दिसते, दोघांचीही किडनी काढली जाते. एकाचा आजार तिथंच संपतो आणि दुसऱ्याच्या फुप्फुसात तो काही काळानं डोकं काढतो. यातला कोण कोणता, हे आधी ओळखता येईल का?

तिनं मला समजावून सांगितलं ते असं. प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण सगळी एकाच वेळी कामाला लागत नाहीत. जे जनुक कामाला लागतं त्याच्या नकला निघतात, तहसीलमधून सातबाराच्या निघतात तशा. त्या नकला मोजल्या की आत कोणतं काम जोरात चाललंय ते कळतं. ती मोजत होती शरीराच्या प्रतिकारशक्तीची जनुकं. त्यांच्यावरून ती प्रत्येक गाठीचा धोका जास्त की कमी ते ठरवणार होती. अडचण एवढीच की या नकला फार नाजूक. मांस नीट टिकवलं नाही तर त्यांचा भुगा होतो.

म्हणून नियम होता की नमुना फॉर्मालिनमध्येच आलेला हवा. मी सोमीबाईंची वडी बाजूला काढून ठेवली आणि गंमत म्हणून अनघाला ती कहाणी सांगितली. ती हसली, मग एकदम हसायची थांबली.

"मंदाताई, ती वडी द्या मला," ती म्हणाली. "फॉर्मालिन आकार छान टिकवतं, पण नकला तोडतं. दारूत उलट त्या जास्त चांगल्या राहतात. बघू तरी."

आणि खरंच, शिस्तीत आलेल्या कितीतरी नमुन्यांपेक्षा सोमीबाईंच्या नकला शाबूत निघाल्या. नियमात बसवायला अनघाला तिच्या संस्थेत बरंच भांडावं लागलं. पण सोमीबाईंची, त्या दवाखान्यात होत्या तोवर, संमती घेतलेली होती, आणि अभ्यासात आल्या की त्यांच्या पुढच्या सगळ्या तपासण्या फुकट होणार होत्या. मला बरं वाटलं. त्यांची गाठ मी स्वतः सूक्ष्मदर्शकातून पाहिली होती. तिच्यात निळे ठिपके खचाखच भरले होते. ते ठिपके म्हणजे शरीराचे शिपाई, कॅन्सरशी लढायला आलेले. मी अनघाला म्हटलं, एवढे शिपाई आहेत म्हणजे बाई सुटली.

अनघानं मान हलवली. बाकी बऱ्याच कॅन्सरांत तसं असतं, म्हणाली, पण किडनीचा कॅन्सर उलट्या खोपडीचा आहे. इथं शिपायांची गर्दी ही पुष्कळदा वाईट खूण असते. मी तिला म्हटलं, आता समजलं. आमच्या गडचिरोलीतही ज्या गावात पोलिसांचा कॅम्प मोठा, तिथं काहीतरी गडबड आहे हे लोक ओळखतात. ती म्हणाली, अगदी तसंच. त्यातून सोमीबाईंचे शिपाई थकलेले होते. जनुकांवरून दिसत होतं की आलेत खूप, पण बंदुका खाली ठेवून बसलेत. तिच्या हिशेबानं सोमीबाईंचा धोका जास्त होता.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. एवढी वर्षं "कॅन्सर आहे" असं लिहिलेले रिपोर्ट हाताखालून गेले होते आणि मी त्यावर डबा खाल्ला होता. पण हे नाव चैतूभाऊंच्या चेहऱ्यासकट माझ्या डोक्यात बसलं होतं.

हा निकाल सर्जनला कळवला गेला. सोमीबाईंचं स्कॅन लवकर आणि वरचेवर व्हायला हवं होतं. आजार परत आलाच आणि लहान असताना सापडला तर काढता येतो, नवी औषधंही आहेत. मोठा झाल्यावर हात चोळत बसावं लागतं. पण सोमीबाई टाके काढल्यानंतर दवाखान्यात फिरकल्याच नव्हत्या. दिलेला फोन बंद. निरोप पाठवले तर उत्तर नाही. अनघानं मला विचारलं, तुम्ही येता का माझ्यासोबत? तुम्ही निदान तिच्या नवऱ्याला ओळखता. मी जन्मात कधी पेशंटच्या घरी गेले नव्हते. मी हो म्हटलं.

आम्ही गेलो ते मोहफुलांच्या दिवसांत. गावात पोचलो तर घरांना कुलपं. एक म्हातारा अंगणात बसला होता. तो म्हणाला, सगळे झाडाखाली. या दिवसांत तिकडचं अख्खं कुटुंब आपापल्या मोहाच्या झाडाखाली मुक्कामाला जातं. पहाटे फुलं टपटपतात, उन्हं चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर जनावरं खातात. आम्ही त्याच्या खुणेनं जंगलात शिरलो. सगळीकडे गोड, आंबूस वास. मला आमच्या लॅबची आठवण झाली.

झाडाखाली पानाफांद्यांचा मांडव होता आणि चटयांवर फुलं वाळत होती. चैतूभाऊंनी आम्हाला लांबून पाहिलं आणि टोपली तिथंच टाकून ते झाडीत दिसेनासे झाले. फुलं वेचणारी एक ठेंगणी, रुंद चेहऱ्याची बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. त्या सोमीबाई. मी हात जोडून जोहार केला आणि सांगितलं की मी चंद्रपूरची, ज्या लॅबमध्ये तुमची किडनी आली तिथली.

"मालूम हाय," त्या म्हणाल्या. "दारूच्या केससाठी आल्या ना? त्याले काई म्हनू नका. दारू मी काढली होती. न्याचं असन त मले न्या."

हळूहळू उलगडा झाला. दवाखान्यातून रिपोर्ट हातात मिळाला, तो त्यांनी शाळेच्या गुरुजींकडून वाचून घेतला. गुरुजींनी "देशी मद्यात प्राप्त" एवढंच मोठ्यानं वाचलं आणि गप्प झाले. नाक्यावर पोलिसानं अडवलं होतंच, आता डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं, म्हणजे गुन्हा दाखल झाला. दवाखान्यात पाऊल टाकलं की चैतूभाऊंना धरणार. मग दोघांनी ठरवलं की दवाखान्याचं नाव काढायचं नाही. फोनचं कार्डसुद्धा मोडून टाकलं. ज्या ओळीवर आम्ही पोट धरून हसलो होतो, त्या ओळीच्या भीतीनं ही बाई आपला जीव टांगणीला लावून बसली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

केस नाही, गुन्हा नाही, उलट त्या दारूमुळेच तपासणी चांगली झाली, हे मी तीनतीनदा सांगितलं. अनघानं शपथ घेतली. तेव्हा सोमीबाई खळखळून हसल्या आणि झाडीकडे तोंड करून नवऱ्याला हाका मारायला लागल्या.

"डॉक्टरसाठी पाठोली होती," त्या मला म्हणाल्या, "अन् यानं किडनीले पाजली. बरं झालं. किडनी माही अन् दारूबी माहीच."

चैतूभाऊ आले, लाजत लाजत. पळसाच्या पानावर उकडलेली मोहफुलं आणि भात समोर आला. खाताना अनघानं मुद्द्याला हात घातला. तिनं काही लपवलं नाही आणि काही फुगवूनही सांगितलं नाही. ज्यांचा निकाल तुमच्यासारखा येतो, त्यांच्यातल्या पुष्कळांचा आजार परत येतो, म्हणून वरचेवर बघत राहायला हवं, असं ती म्हणाली. सोमीबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मंजे पक्कं नाई," त्या म्हणाल्या. "मले काई दुखत नाई, खुपत नाई. रोज टोपली भरून फुलं येचतो मी. पक्कं नाई त एवढ्या दुरून काऊन आल्या?"

अनघाच्या आधी मीच बोलले, आणि माझ्या नकळत माझ्या नागभीडच्या माहेरच्या बोलीत.

"मी जलमभर तुकडेच पाह्यले, सोमीबाई. त्या तुकड्याचं मानूस पुढं जगलं का मेलं, मले कोनी सांगतलं नाई अन् मी इचारलं नाई. तुमचं मले मालूम पाह्यजे. म्हून आली."

त्या चैतूभाऊंशी गोंडीत काही बोलल्या आणि मला म्हणाल्या की फुलं सरल्याशिवाय हलणार नाही, सरली की येईन. अनघाला तेवढाही उशीर नको होता, पण मी तिला गप्प बसवलं. झाडाखालच्या बाईशी हंगामावरून वाद घालून उपयोग नसतो, एवढं मला कळत होतं.

फुलं सरली आणि त्या आल्या. दोघंही आले, नवे कपडे घालून. स्कॅन झालं. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला एक डाग दिसला.

अनघाचा आवाज फोनवर बारीक झाला होता. जिथं यायची भीती होती तिथंच तो डाग होता. सुई घालून त्यातला तुकडा काढायचा ठरलं आणि तो तुकडा, अर्थातच, माझ्याकडे आला. या वेळी फॉर्मालिनमध्ये, घट्ट झाकणाच्या बरणीत. चैतूभाऊंनीच आणला आणि बरणी टेबलावर ठेवून ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

सुईनं काढलेला तुकडा शेवईच्या काडीएवढा असतो. मेणाच्या वडीत तो नीट आडवा बसला नाही, किंवा वरचं मेण तासताना चाक जरा जास्त फिरलं, की तुकडा कचऱ्यात गेला आणि माणूस पुन्हा सुईखाली. असे तुकडे मी हजारो कापले होते आणि कापताना भाजीचा विचार केला होता. त्या दिवशी मला चाकाला हात लावता येईना. मी उठले, ग्लासभर पाणी प्यायले, परत बसले. परत उठले. शेवटी डॉक्टर बोबडे आत येऊन म्हणाले, मंदाबाई, मी दुसऱ्या लॅबला पाठवू का? मला राग आला आणि रागातच मी चाक फिरवलं. काप निघाला. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात चांगला काप होता, हे मी आजही कुणालाही सांगायला तयार आहे.

डॉक्टर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले आणि मी त्यांच्या मागे उभी राहिले. एरवी मी काच देऊन निघून जायची. त्यांनी काच इकडून तिकडे फिरवली, परत पहिल्या जागी आणली, मग म्हणाले की आणखी काप द्या, वेगळ्या रंगात. मी ते दिले. ते बघून झाल्यावर डॉक्टर खुर्ची वळवून माझ्याकडे बघायला लागले.

"कॅन्सर नाही," ते म्हणाले. "टीबी आहे. साधा टीबी."

टीबी झाला म्हणून आनंदानं रडणारी बाई जगात मी एकटीच असेन. मी बाहेर धावले आणि चैतूभाऊंना सांगितलं. त्यांना काय चाललंय ते समजेना. टीबी म्हणजे वाईटच ना, असं ते विचारत राहिले. मी म्हटलं, भाऊ, औषधं मिळतात, खाल्ली की जातो, वाईट ते दुसरं होतं. मग तेही रडले. दुपारी मी लॅबमध्ये पेढे वाटले. कशाचे ते विचारणाऱ्याला "टीबीचे" असं सांगितल्यावर त्यानं पेढा घेताना जरा विचार केला.

सोमीबाईंनी टीबीची औषधं एकही दिवस न चुकवता घेतली. डाग आकसला. त्यानंतर मी निवृत्त झाले, पण त्यांच्या स्कॅनची तारीख आली की मी दवाखान्यात जाते. आता माझ्याकडे कापायला काही नाही, बाकावर त्यांच्या शेजारी बसते. आम्ही दोघी नवऱ्यांना नावं ठेवतो आणि कोण आधी शेंगदाणे संपवते ते बघतो. दर वेळी नाव पुकारलं की मी त्यांच्या मागे दारापर्यंत जाते. दर वेळी स्कॅन स्वच्छ निघतं.

अनघाच्या आलेखात एक रेघ आहे, जास्त धोका असलेल्यांची. त्यातल्या कुणाचा आजार परत आला की ती रेघ एक पायरी खाली उतरते. तिचं भाकीत एकूण माणसांबद्दल बरोबर ठरत चाललंय, रेघ उतरतेच आहे, आणि प्रत्येक पायरी म्हणजे कुणीतरी आहे, हे तिला आणि मला दोघींनाही ठाऊक आहे. आयुष्यभर आपलं काम बिनचूक निघावं म्हणून मी धडपडले. सोमीबाईंच्या बाबतीत मात्र अनघाचं भाकीत चुकावं, अशी मी देवाजवळ मागणी करते.

गेल्या खेपेला अनघा स्वतः बाकाजवळ आली. स्कॅन स्वच्छ होतं. तिनं सोमीबाईंना हसत सांगितलं की तुमच्यामुळे माझं गणित चुकतंय, माझ्या हिशेबानं तुम्ही एव्हाना आजारी पडायला हव्या होतात. सोमीबाईंचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, चूक त्यांची आहे. आता अभ्यासातून काढून टाकणार का, असं त्यांनी विचारलं. अनघा त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, नाही, तुम्ही माझं गणित असंच चुकवत राहा, म्हातारी होईपर्यंत.

सोमीबाईंनी पदर खोचला आणि उठून उभ्या राहिल्या.

"मंग पुढची तारीख सांगा," त्या म्हणाल्या. "मी आलीच नाई त तुमचं चुकलं का नाई, हे तुमाले कोन सांगन?"